तक्त्यावरचा डोळा

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसानं माल उचलायचे काटे वर नेले आणि फळीऐवजी फळीच्या वरची तुळई ठोकली. खोकी धडाधड खाली आली. कोणी मेलं नाही. मुकादम म्हणाला, "डोळे काय घरी ठेवून येतोस?"

*

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं वरचं दार उघडं राहिलं होतं. त्याच माणसाच्या कपाळावर टेंगूळ आलं. मागचं टेंगूळ अजून पुरतं उतरलंही नव्हतं.

*

नारिंगी रंगाचा मोठा गोल. त्यात डावीकडे फिकट पिवळी तबकडी. तबकडीतून चारी बाजूंना पांगलेल्या लाल शिरा. खाली ठळक अक्षरांत एकच शब्द: नॉर्मल.

*

"दादा, काळजीचं काही नाही. तुमचा डोळा म्हणजे अगदी ताईंचाच डोळा."

*

गाडीत मागच्या सीटवर काळा चष्मा लावून, वर हाताचा आडोसा धरून बसलेली बहीण. पुढे भाऊ. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्यानं वळून बघितलं, तर भाऊ त्याला म्हणाला, "समाजसेवा करून आलीय. तिला दिसत नाहीय."

*

यंत्रच बिघडलं असणार, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं.

*

ताई डोळे तपासायची. ऑप्टोमेट्रिस्ट. मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. पुढे चष्म्याच्या फ्रेमा, पडद्यामागे तपासणीची खोली. सख्खं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. तो ताई म्हणायचा, मग त्याची बायको ताई म्हणू लागली, मग ऑप्टोमेट्रिस्टांच्या संघटनेतही ती सगळ्यांची ताई झाली, तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्यांचीसुद्धा.

संघटनेत शिरायचं म्हणजे आधी खुर्च्या मांडायच्या. मग बॅनर बांधायचे, छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या वाटायच्या, पाहुण्यांना चहा मिळाला का बघायचं. ही पायरी चढल्याशिवाय कोणाला माईक मिळत नाही. ताईनं हे सगळं मुकाट्यानं केलं. दुकानात दिवसभर एकटीनं बसणाऱ्या बाईला त्या खुर्च्यांचा आवाजही बरा वाटायचा.

एका कार्यशाळेत डोळा दाखवायला बोलावलेला पेशंट आलाच नाही. नव्या सभासदांना भिंगातून डोळ्याच्या आत, पार मागच्या पडद्यापर्यंत बघायला शिकवायचं होतं. अध्यक्षांनी माईकवर विचारलं, "कोणी डोळा उसना देतं का?"

सगळे हसले. ताईनं हात वर केला.

थेंब घातल्यावर तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली दार उघडावं तशी सताड उघडली. आणि ती पापणी लववत नसे. कितीही झगझगीत उजेड टाका, कितीही वेळ टाका, बाई जागची हलत नसे. अध्यक्ष खूश झाले. पुढच्या वर्षी पेशंट बोलावलाच नाही. "आपण संघटनेला वेळ देतो," ते भाषणात सांगायचे, "ताई डोळा देते." दर वर्षी टाळ्या पडायच्या, दर वर्षी ताई मान खाली घालायची, आणि दर वर्षी संध्याकाळी भाऊ तिला न्यायला यायचा, कारण थेंबांचा अंमल उतरेपर्यंत तिला नीट दिसायचं नाही.

नवी माणसं रांगेनं यायची. तिच्यासमोर बसायची, भिंग धरायची, श्वास रोखायची. भिंग कसं धरायचं ते शिकायची. उजेड किती तिरका ठेवायचा ते शिकायची. तबकडी, म्हणजे डोळ्याची नस जिथून आत शिरते ती जागा, सापडली की आनंदानं "दिसली, दिसली" म्हणायची आणि उठायची. मागचा माणूस बसायचा.

मग संघटनेनं तक्ता काढला. प्रत्येक सभासदाच्या तपासणीच्या खोलीत लागेल असा, मोठा, चकचकीत. कडेनं सगळे आजार, मधोमध निरोगी डोळ्याचा फोटो, म्हणजे शंका आली की मान वर करायची आणि ताडून बघायचं. मधला फोटो कोणाचा घ्यायचा यावर चर्चाही झाली नाही.

ताईच्या दुकानात तो तक्ता तिच्याच डोक्यामागे होता. पेशंटला तिचा चेहरा आणि तिचा डोळा एकदमच दिसायचा, फक्त कोणाचा आहे ते त्याला ठाऊक नसायचं. भावाला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "लोक भिंतीवर स्वतःचा फोटो लावतात. आमच्या ताईनं आतला लावलाय."

*

आधी बरं, की आता बरं?

ताई काच बदलून दिवसातून कितीदा तरी हे विचारायची. लोक गोंधळतात. परत दाखवा म्हणतात. काहीजण ती खूश व्हावी म्हणून काहीतरी एक सांगून टाकतात.

*

वार्षिक संमेलनात एक विक्रेता नवं यंत्र घेऊन आला. तबकडीपाशी नसेची जाडी मोजणारं. चांगली असेल तिथे हिरवा रंग, शंका असेल तिथे पिवळा, नस झिजली असेल तिथे लाल. समोर मोठा पडदा, भोवती गर्दी. "कोणी बसतंय का?" विक्रेता म्हणाला, आणि दहा जणांनी ताईला पुढे ढकललं.

हनुवटी टेकली. हिरवा ठिपका बघितला. यंत्रानं हळूच कुरकुर केली.

पडद्यावर तबकडीची खालची कड लालभडक आली.

मग खजिनदार म्हणाले, "अहो, आमचा नॉर्मल डोळा लाल दाखवतंय. गुंडाळा हे, न्या परत." जो हशा पिकला त्यात ताईही हसली. विक्रेता बिचारा घामाघूम. प्रवासात हिसके बसले असतील, म्हणाला. काच पुसली, परत लावलं. परत लाल. मग त्यानं स्वतःच हनुवटी टेकवली आणि मदतनिसाला बटण दाबायला सांगितलं.

हिरवं. सगळीकडे हिरवं.

गर्दी कशी पांगली ते ताईच्या लक्षात आलं नाही. कोणाला फोन आला, कोणाला चहा आठवला. ती खुर्चीतच बसून होती. तिनं उजवा डोळा हातानं झाकला आणि दालनाच्या छताकडे बघितलं. छताला लांबलचक दिव्यांची रांग होती. दिवे होते, आणि मग, जिथे असायला हवे होते तिथे, काहीच नव्हतं. अंधार नव्हता. काळं काही नव्हतं. नुसतंच नव्हतं.

काचबिंदू असाच येतो. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, शेवटची ओळ घडाघडा वाचता येते, आणि कडेनं तो खात येतो. तिच्या डोळ्यातला दाब नेहमी ठीक निघायचा. दाब ठीक असतानाही तो होतो, हे ती स्वतःच नव्या लोकांना शिकवायची. हा आजार घराण्यात फिरतो, हेही.

तेव्हा तिला भाऊ आठवला. त्यानं गोदामात ठोकलेली तुळई आठवली. नोकरीवरून काढलं त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. आणि त्याच्या दोन वर्षं आधी तिनं त्याला डोळे तपासायला कोणाकडे पाठवलं होतं, तेही आठवलं.

*

रविवारी दुकान बंद असतं. तिनं भावाला पडद्यामागे नेऊन गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. भावजय पुढच्या खोलीत फ्रेमांच्या कपाटासमोर उभी राहिली. तिला सगळं ऐकू येत होतं.

यंत्र नसलं तरी करता येते अशी एक जुनी तपासणी आहे. समोरासमोर बसायचं, समोरच्यानं एक डोळा झाकायचा, आपणही त्याच्या समोरचा झाकायचा, आणि बोटं मधोमध ठेवून बाहेरून आत आणायची. आपल्याला दिसली की त्यालाही दिसायला हवीत. मोजपट्टी म्हणजे आपलाच डोळा.

आधी भावाचा डावा. ताईचा उजवा. तिनं बोटं वरून खाली आणायला सुरुवात केली. तिला लगेच दिसली.

"दिसली की सांग."

"आण की."

बोटं त्याच्या कपाळाशी आली.

"ताई, आणलीच नाहीस अजून. खेळतेस काय?"

बोटं भुवईखाली उतरली. तेव्हा तो म्हणाला, "हां. आता."

मग त्याचा उजवा. समोर तिचा डावा. बोटं वरून निघाली. तो गप्प. तीही गप्प. हात अवघडला, दंड दुखला, यावरूनच फक्त तिला कळत होतं की हात किती खाली आलाय. आणि मग दोघंही जवळजवळ एकदमच म्हणाली, "आता."

भाऊ खूश झाला. "बघ, हा डोळा तुझ्याबरोबरीचा आहे."

ताईनं हात मांडीवर ठेवला. मागच्या वर्षी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, गंमत म्हणून तिनं त्याची हीच तपासणी केली होती. फक्त एका डोळ्याची. उजव्या.

पडदा बाजूला झाला. भावजय आत आली नाही, उंबऱ्यावरच थांबली. एरवी ती ताई म्हणायची. जुन्या बायकांसारखं वन्सं म्हणाली की समजावं, आज खैर नाही.

"वन्सं, एक विचारू? तुमच्याच शिकवलेल्या मुलीनं बघितला होता ना ह्यांचा डोळा?"

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हा वेळ नव्हता."

"कार्यशाळा होती."

"हो ना. डोळा द्यायचा होता तुम्हाला." ती भावाकडे वळली. "उठा. काठी घेऊन देते का बघू तुमची बहीण."

"अगं, गप," भाऊ म्हणाला. "ताई, तू काय मनावर घेऊ नकोस. पण हे थेंबांनी वगैरे परत येतं ना?"

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आठवड्याभरात उत्तर दिलं. गेलं ते गेलं. थेंबांनी राहिलेलं धरून ठेवायचं. ताईचा उजवा डोळा वाचलेला होता. भावाचा एकही नाही.

*

ताईची शिष्या म्हणून जिला सगळे ओळखत, तिचं क्लिनिक बाजाराच्या तोंडाशी होतं. नीटनेटकी, कामाला वाघ. ताईला बघून ती उभी राहिली आणि भावाची चौकशी करता करताच तिचा चेहरा उतरला, कारण ताई खुर्चीत बसलीच नाही. ती सरळ तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादांचा डोळा बघताना घाई केली होतीस?"

"नाही ताई. शपथ. थेंब घालून बघितला होता."

"मग?"

शिष्या ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "शंका आली होती मला. खालची कड बारीक वाटली. खाच असल्यासारखी. पाठवणार होते मी त्यांना पुढे. मग मान वर करून तक्ता बघितला." तिनं तक्त्याकडे हात केला. "अगदी तसाच होता. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, ताईंच्या भावाला उगाच घाबरवलं असतं."

ताईनं तक्त्याच्या मधोमध बोट टेकवलं. तबकडीच्या खालच्या कडेवर. तिथे नखाच्या टोकाएवढी खाच होती. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नव्हतं.

"दादांनंतर," शिष्येनं विचारलं, "दादांनंतर किती जणांना मी..."

तक्ता किती भिंतींवर होता ते ताईला पाठ होतं. वाटप तिनंच केलं होतं.

*

आधी बरं, की आता बरं?

*

तिला एकच गोष्ट हवी होती. संघटनेनं सगळ्या सभासदांना कळवावं: तक्ता उतरवा. त्यावरून ज्यांना नॉर्मल म्हणालात त्यांना परत बोलवा. ज्यांचं थोडं गेलंय त्यांचं उरलेलं अजून वाचेल. एवढंच. कार्यकारिणीच्या बैठकीत हे सांगायला तिला फार वेळ लागला नाही.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. खुर्च्या मांडणाऱ्या बाईला माईकपर्यंत त्यांनीच आणलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू म्हणतेस ते खरं आहे असं धरू."

"धरू नका. बघा. तुमच्या मागेच आहे."

कोणी मान वळवली नाही.

"पुढच्या आवृत्तीत फोटो बदलू," अध्यक्ष म्हणाले. "गाजावाजा न करता. झालं?"

"तोवर?"

"तोवर काय? लोक तक्ता बघून थोडेच तपासतात?"

"तेवढ्यासाठीच लावला होता आपण."

खजिनदारांनी टेबलावर बोटं वाजवली. "ताई, तुमच्या घरात झालं ते वाईटच झालं. पण हे बाहेर गेलं तर उद्या एकेक पेशंट दारात येऊन उभा राहील."

"राहू दे ना. दार दिसतंय तोवर येईल."

"संघटना बंद पडेल."

"आणि तुला काय वाटतं," अध्यक्ष हळूच म्हणाले, जणू तिच्या भल्याचं सांगताहेत, "लोक कोणाचं नाव घेतील? डोळा तुझा. प्रशिक्षण समिती तुझी. तुझ्या दुकानात पाऊल ठेवेल का कोणी? आपण आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?"

हात वर झाले. ठराव नामंजूर. मग चहा आला, आणि सवयीनं ताईच उठून कप वाटायला लागली. तिसऱ्या कपाला तिच्या ते लक्षात आलं. तिनं ट्रे तिथेच ठेवला.

*

वार्षिक कार्यशाळा ठरल्याप्रमाणे झाली. बैठकीतली गोष्ट खोलीबाहेर गेलेली नव्हती, आणि ताई नाही आली तर लोक विचारतील, म्हणून तिला कोणी नको म्हटलं नाही. डॉक्टरांना विचारून तिनं थेंब घातले. बाहुली सताड उघडली.

रांग लागली. एकेक नवा चेहरा भिंगामागून जवळ आला. श्वास रोखलेला.

"दिसली?"

"दिसली."

"कशी आहे?"

"नॉर्मल."

पुढचा. "नॉर्मल." पुढची. "छान, नॉर्मल." एकानं तर न बसताच तक्त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ही तीच ना?" कोणी नीट बघितलं नाही असं नव्हतं. सगळ्यांनी अगदी मन लावून बघितलं.

शेवटचा उठल्यावर ताईनं माईक मागितला. उजेडानं तिला समोरचं सगळं पांढरं दिसत होतं. नुसते आकार.

"माझ्या डोळ्यात कोणाला काही वावगं दिसलं?"

मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हा प्रश्न परीक्षेत येणारे वाटतं." थोडं हसू.

"कोणालाच नाही?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आवाज ताईला पाठ होता. कडेला शिक्षकांच्या रांगेत शिष्या उभी राहिली होती.

"खालच्या कडेला खाच आहे," शिष्या म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. "तो डोळा नॉर्मल नाही. तक्त्यावरचा फोटोही नाही. मी तो बघून एका माणसाला घरी पाठवलं. आता त्याला वरचं काही दिसत नाही."

"काचबिंदू आहे," ताई म्हणाली. "मला आहे. तुम्ही सगळ्यांनी आत्ता तो बघितला आणि नॉर्मल म्हणालात. घरी जाऊन तक्ता उतर—"

माईक बंद झाला. अध्यक्षांचा आवाज दुसऱ्या माईकवरून आला, मोठा, आपुलकीचा. चहाची वेळ झालीय, चहा बाहेर ठेवलाय.

खुर्च्या सरकल्या. पांढऱ्या उजेडात आकार उठले आणि दाराकडे निघाले. चारपाच आकार मात्र उलटे तिच्याकडे आले, आणि त्यातला एक समोर बसून म्हणाला, "परत बघू का?" ताईनं हनुवटी टेकली.

त्या संध्याकाळी भाऊ न्यायला आला, पण गाडीशिवाय. त्याला आता गाडी चालवायला बंदी होती. दोघं बसथांब्यावर उभी राहिली.

"कुठली आली बघ," ताई म्हणाली.

"नंबर वर असतो ताई. मला खालचं दिसतं. चाकं आलीयत एवढं सांगतो."

ती हसली नाही. तो हसला. मग त्यानं तिचा दंड धरला आणि दोघंही चाचपडत पायरी चढली.

*

संघटनेनं सभासदांना काही कळवलं नाही. ताईला प्रशिक्षण समितीतून मोकळं केलं. शिष्येच्या क्लिनिकवर तिच्या एका जुन्या पेशंटनं दावा लावला. ताईच्या दुकानात पेशंट कमी झाले, मग फारच कमी झाले.

रविवारी ती बहीणभावंडं बसनं फिरतात. एकेका क्लिनिकच्या काचेतून आत बघतात. काही ठिकाणी भिंतीवर रंग न उडालेला एक चौकोन दिसतो, चार कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. बऱ्याच ठिकाणी तक्ता अजून आहे. मग ताई दार ढकलते. कोणी ऐकून घेतं. कोणी म्हणतं, संघटनेकडून काही आलेलं नाही. एकानं भावाला बाहेर बसायला सांगितलं, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून.

"किती राहिले?" भाऊ विचारतो.

"पुष्कळ."

"चल मग."

*

तक्त्यासाठी फोटो काढायचा होता त्या दिवशी जड कॅमेरा जिन्यानं वर चढवायला भाऊ आला होता, आणि ताईच्या आधी, यंत्र नीट चालतंय का बघायला, त्याच्या डोळ्याचाही एक फोटो काढला गेला होता. तो हसला आणि हलला, म्हणून कोणी न बघताच तो पुसून टाकला.